फेकलेल्या यकृतातील नोंद

कत्तलीनंतर म्हशीचे यकृत किंवा फुप्फुस उघडले आणि त्यात पांढुरक्या, जाड आवरणाची, पाण्याने भरलेली गाठ दिसली, तर मांस कापणारा तो भाग बाजूला टाकतो. ग्राहक तो घेत नाही आणि निरीक्षक हजर असेल तर तोही नामंजूर करतो. मोठ्या, परवानाधारक कत्तलखान्यात त्याची विल्हेवाट लागते. आठवडी बाजाराच्या कडेला उभ्या केलेल्या शेडमध्ये मात्र तो तुकडा बहुधा वाट पाहत बसलेल्या कुत्र्यांच्या पुढ्यात पडतो. या एका कृतीने दोन नुकसाने होतात. रोगाचे चक्र पुढे सरकते हे पहिले. त्याविषयी आपल्या शिबिरांत आणि घडीपत्रिकांत पुष्कळ सांगितले जाते. दुसऱ्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. त्या गाठीत परजीवीच्या जनुकांची नोंद असते आणि ती न वाचताच आपण नष्ट करतो. प्रस्तुत लेख या दुसऱ्या नुकसानीविषयी आहे, कारण माझ्या मते पहिले नुकसान थांबवण्याचे आपले प्रयत्न तोकडे पडतात त्यामागे हेही एक कारण आहे.

ही गाठ म्हणजे हायडॅटिड. तिला कारणीभूत असलेला इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा फीतकृमी कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो. फीतकृमी म्हटले की हातभर लांबीचा पट्टा डोळ्यांसमोर येतो. हा मात्र जेमतेम काही मिलिमीटरचा, तीन-चार खंडांचा जीव. एका कुत्र्यात असे हजारो असू शकतात आणि तरीही कुत्रे धडधाकट दिसते. त्याच्या विष्ठेतून पडणारी अंडी गवतावर, पाण्यात, भाजीच्या वाफ्यांवर पोहोचतात. ती पोटात गेली की गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर किंवा माणूस यांच्या यकृतात वा फुप्फुसात गाठ वाढू लागते. गाठ असलेला अवयव कुत्र्याने खाल्ला की वर्तुळ पूर्ण होते. येथे एक गैरसमज आवर्जून दूर करायला हवा. माणसाला हा रोग मांस खाल्ल्याने होत नाही. तो कुत्र्याच्या विष्ठेतील अंड्यांमुळे होतो. नीट न धुतलेली मेथी-कोथिंबीर, उघड्या तळ्यातील पाणी, कुत्र्याला कुरवाळून न धुतलेले हात ही त्याची वाट. त्यामुळे ज्या घरात मांस शिजतच नाही, त्या घरातही हा रुग्ण सापडतो.

जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१४ साली २४ अन्नजन्य परजीवींची क्रमवारी प्रसिद्ध केली. तीत डुकरातील फीतकृमी पहिला, हायडॅटिडचा परजीवी दुसरा आणि टॉक्सोप्लाझ्मा चौथा आहे. त्याच वर्षी लुधियानातील पशुवैद्यक संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात भारताची हायडॅटिडमुळे होणारी वार्षिक हानी सुमारे १,१४७ कोटी रुपये काढण्यात आली. तिचा बहुतांश वाटा गाई-म्हशींचा होता. जनावर मरत नाही, आटत नाही, लंगडत नाही. दूध थोडे घटते, वजन थोडे कमी भरते, यकृत वाया जाते. शेतकऱ्याच्या वहीत या तोट्याला स्वतंत्र रकाना नाही, म्हणून तो कधी दिसत नाही.

आता जनुकांकडे वळू. आपण ज्याला एकच फीतकृमी समजतो तो प्रत्यक्षात अनेक जनुकीय प्रकारांचा समूह आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी परजीवीच्या पेशीतील मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांचा क्रम वाचून शास्त्रज्ञांनी त्यांना जी१, जी२, जी३ असे क्रमांक द्यायला सुरुवात केली. ही यादी पुढे जी१० पर्यंत गेली. नंतर यांपैकी काहींना स्वतंत्र प्रजातींचा दर्जा मिळाला. गाईशी नाते सांगणारा जी५ आता इकायनोकॉकस ऑर्टलेपी म्हणून ओळखला जातो. जी१ आणि जी३ मात्र एकाच प्रजातीत राहिले. आणि जी२ हा वेगळा प्रकार नसून जी३ चेच किंचित बदललेले रूप असल्याचे अलीकडच्या सविस्तर क्रमवाचनातून दिसून आले. नावांची ही उलथापालथ विस्तार कार्यकर्त्याने पाठ करण्याची मुळीच गरज नाही. त्याला हे वाण आहेत एवढे समजले तरी पुरे, आणि वाणाचे महत्त्व शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. भाताचे हळवे वाण आणि गरवे वाण शेतात शेजारी शेजारी उभे असताना ओळखणे सोपे नसते, पण कापणीची तारीख एकच धरली तर एकाचे दाणे गळतात आणि दुसऱ्याचे हिरवे राहतात.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत मोलाचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातील परजीवीशास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांबरोबर पश्चिम भारतातील कत्तलीच्या जनावरांतील गाठी तपासल्या. गाठींचे प्रमाण गोवंशात ५.१० टक्के, म्हशींत ३.८१ टक्के, डुकरांत ०.८७ टक्के आणि मेंढ्यांत अवघे ०.०७५ टक्के निघाले. त्यानंतर ४६ गाठींची जनुकीय ओळख पटवण्यात आली. सुमारे ६३ टक्के गाठी जी३ च्या, म्हणजे ज्याला म्हशीचा प्रकार म्हटले जाते त्याच्या होत्या. जवळपास २० टक्के जी५ च्या, १३ टक्के जी१ च्या आणि उरलेल्या जी२ च्या. नव्या वर्गीकरणानुसार जी२ चा आकडा जी३ मध्ये मिळवला, तर तीनपैकी दोन गाठी एकाच प्रकाराच्या ठरतात.

या आकड्यांकडे थोडे थांबून पाहायला हवे. हायडॅटिडवर जगात जे काही गाजलेले नियंत्रण कार्यक्रम झाले, ते मेंढीप्रधान देशांत झाले. आइसलँडमध्ये १८६४ साली हाराल्ड क्राबे या डॅनिश संशोधकाने लिहिलेली पुस्तिका घरोघरी फुकट वाटण्यात आली. मेंढीचे गाठाळलेले अवयव कुत्र्याला घालू नका, ते जाळा किंवा पुरा, हा तिचा सारांश. त्या काळी तेथे या रोगाने कहर मांडला होता. पुढच्या काही पिढ्यांत तो नाहीसा झाला. (कृषी विस्ताराच्या इतिहासात एवढी यशस्वी पुस्तिका दुसरी असेल असे मला वाटत नाही, आणि आपल्या अभ्यासक्रमांत तिचा उल्लेखही नसतो.) न्यूझीलंडने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दर सहा आठवड्यांनी कुत्र्यांना औषध देण्याची सक्ती केली आणि २००२ साली देश या रोगापासून तात्पुरता मुक्त झाल्याचे जाहीर केले. आपली पाठ्यपुस्तके, आपली घडीपत्रके आणि कधी कधी आपले प्रकल्पप्रस्तावही याच अनुभवावर बेतलेले असतात. त्यांत मेंढपाळ असतो, मेंढी असते, मेंढपाळाचा कुत्रा असतो.

पश्चिम भारतातील मेंढीत मात्र हजारात एकही गाठ भरत नाही. त्याचे कारण अवघड नाही. मेंढ्या-बोकड कोवळ्या वयात कापले जातात आणि गाठ वाढायला महिने नव्हे, वर्षे लागतात. म्हैस आणि गाय दुधासाठी दहा-बारा वर्षे जगतात, तेवढा काळ त्यांच्या पोटात अंडी जात राहतात आणि गाठींना वाढायला सवड मिळते. म्हणजे परदेशी नमुना जसाच्या तसा उचलला तर सातारा-सोलापूरच्या धनगर वाड्यांवर सगळा खर्च होईल आणि गावातला म्हशींचा गोठा तसाच राहील. वाड्यावरच्या कुत्र्यांना जंतनाशक देऊ नये असे मी म्हणत नाही, ते द्यावेच. प्रश्न मर्यादित पैशांतून आधी कुठे हात घालायचा याचा आहे, आणि त्याचे उत्तर प्रादुर्भावाच्या आकड्यांनी आणि जनुकीय ओळखीने मिळून दिले आहे. चंडीगड येथे माणसांच्या शस्त्रक्रियेतून निघालेल्या गाठी तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतही जी३ आणि जी१ हेच प्रमुख आढळले. जी५ आणि जी६ तुरळक. जो प्रकार म्हशीत मुबलक, तोच रुग्णालयातही मुबलक, यातून म्हैस आणि कुत्रे यांच्यातील देवाणघेवाण माणसापर्यंत पोहोचते आहे असा अर्थ निघतो.

दुसरा मुद्दा औषधाच्या वेळापत्रकाचा. प्राझिक्वांटेल हे कुत्र्यातील फीतकृमीवर खात्रीचे औषध आहे, पण ते आतड्यातील कृमी मारते. अंडी मारत नाही. म्हणून कृमी अंडी घालण्याइतका मोठा होण्याआधीच पुढचा डोस पडला पाहिजे. जी१ ला कुत्र्याच्या आतड्यात पक्व व्हायला साधारण चाळीस ते पंचेचाळीस दिवस लागतात. सहा आठवड्यांचा पाळा त्यावरून आला. जी५ हा मात्र हळवा. तो पस्तीस दिवसांच्या आसपास अंडी घालू लागतो. बेचाळीस दिवसांच्या पाळ्यात त्याला जवळजवळ एक आठवडा मोकळा मिळतो. पश्चिम भारतातील दर पाचवी गाठ या हळव्या प्रकाराची निघाली असेल, तर सहा आठवड्यांचा पाळा इथे जशास तसा लागू करणे ही तारीख न पाहता केलेली कापणी ठरेल. आणि सर्वाधिक आढळणाऱ्या जी३ चा कुत्र्यातील पक्वतेचा काळ आपल्याच गावठी कुत्र्यांत, आपल्याच हवामानात मोजण्याचे काम एखाद्या विद्यापीठाने प्राधान्याने हाती घ्यायला हवे.

तिसरा मुद्दा लसीचा. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात ईजी९५ नावाच्या प्रथिनावर आधारित मेंढ्यांची लस तयार केली. चाचण्यांत तिने उत्तम संरक्षण दिले. चीन आणि अर्जेंटिनात ती वापरली गेली. पण ते प्रथिन जी१ वरून घेतलेले आहे, आणि जी६ मध्ये त्याच जनुकाचा क्रम लक्षणीय वेगळा असल्याचे पुढे आढळले. उद्या ही लस आपल्याकडे म्हशींसाठी आणण्याचा विचार झाला, तर आपल्या वाणांवर ती किती चालते हा प्रश्न खरेदीच्या निविदेआधी विचारावा लागेल.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो रास्त आहे. गाठ कोणत्याही प्रकारची असो, ती जाळायची किंवा खोल पुरायची हाच उपाय. मग गावपातळीच्या कार्यकर्त्याला जनुकांचे काय? अवयवांच्या विल्हेवाटीपुरते हे खरेच आहे. तेथे वाण विचारत बसायची गरज नाही आणि जनुकांचा अहवाल येईपर्यंत खड्डा खणायचे थांबणे हा निव्वळ वेडेपणा होईल. परंतु कुत्र्याला औषध किती दिवसांनी द्यायचे, कोणत्या जनावरावर लक्ष केंद्रित करायचे, कोणती लस मागवायची हे निर्णय वाणावर अवलंबून आहेत, आणि हे निर्णय आज उसन्या माहितीवर घेतले जातात.

कोंबडीच्या बाबतीत हाच युक्तिवाद टॉक्सोप्लाझ्मासाठी लागू पडतो. या एकपेशीय परजीवीचे अंतिम घर मांजर. मांजराच्या विष्ठेतून मातीत पडणाऱ्या युग्मपुटी जमिनीवर टिपत फिरणारी गावरान कोंबडी सहज गिळते. पिंजऱ्यातील कोंबडीला ती संधी जवळपास मिळत नाही. त्यामुळे परसातील कोंबडी ही आजूबाजूची माती किती दूषित आहे ते सांगणारी पहारेकरी ठरते. महू येथे शिकलेले आणि पुढे अमेरिकेच्या कृषी विभागाच्या बेल्ट्सव्हिल येथील प्रयोगशाळेत काम केलेले डॉ. जे. पी. दुबे यांनी या परजीवीच्या मांजरातील जीवनचक्राच्या शोधात १९७० च्या सुमारास मोठा वाटा उचलला. त्यांच्या सहभागाने २००३ साली भारतातील कोंबड्यांतून वेगळ्या केलेल्या परजीवीचे प्रकार प्रसिद्ध झाले. ते बहुतांश टाइप ३ व काही टाइप २ होते. हा अभ्यास दक्षिण आणि मध्य भारतातील मूठभर नमुन्यांवर उभा आहे. ब्राझीलमध्ये या परजीवीचे वेगळेच, अधिक विविध प्रकार असून तेथे डोळ्यांचा आजार तीव्र स्वरूपात दिसतो. इकडे २००४ च्या अखेरीस कोइमतूरमध्ये टॉक्सोप्लाझ्मामुळे दृष्टिपटलाला सूज आलेल्या रुग्णांची लाटच आली आणि तिचा संबंध शहराच्या पाणीपुरवठ्याशी असावा असा निष्कर्ष निघाला. अशी लाट पुन्हा आली, तर परजीवी कोणत्या भागातून आला हे ताडून पाहण्यासाठी तुलनेला गावोगावच्या कोंबड्यांचे, शेळ्यांचे नमुने हाताशी हवेत. साथ आल्यावर ते गोळा करता येत नाहीत.

बेंगळुरूमधून हे लिहिताना एक विसंगती सतत जाणवते. येलहंका येथील ‘निवेदी’ ही पशुरोगांच्या साथशास्त्राची राष्ट्रीय संस्था जिल्हावार रोगांचे पूर्वानुमान दोन महिने आधी देते. त्या यादीत यकृतकृमी, थायलेरिया, बबेसिया, ट्रिपॅनोसोमा असे परजीवी रोग आहेत, हायडॅटिड नाही. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. पाऊस आणि तापमान पाहून ज्याचा अंदाज बांधावा असा हा रोग नव्हे; तो ऋतूनुसार उसळत नाही, वर्षानुवर्षे साठत जातो. मात्र पूर्वानुमानात बसत नाही म्हणून तो नोंदीतूनही सुटावा, हे योग्य नाही. याच शहरात २०२३ च्या गणनेत सुमारे २.७९ लाख भटकी कुत्री मोजली गेली आणि कोलार-चिक्कबळ्ळापूरची पालेभाजी रोज पहाटे इथल्या बाजारात उतरते. कुत्रे आणि कोथिंबीर यांच्यामधली जी मळ्यातली जागा आहे, तिच्याकडे पशुसंवर्धन खाते आपले म्हणून पाहत नाही आणि फलोद्यान खातेही पाहत नाही.

आणखी एक बदल लक्षात घ्यायला हवा. २००९ च्या अभ्यासात गोवंशातील गाठी तपासता आल्या त्या कत्तलखान्यामुळे. महाराष्ट्रात २०१५ पासून आणि कर्नाटकात २०२१ पासून लागू असलेल्या कायद्यांमुळे गोवंश आता कत्तलखान्यात येत नाही. त्या कायद्यांच्या गुणदोषांची चर्चा येथे करायची नाही. साथशास्त्रावर त्याचा होणारा परिणाम मात्र सांगितला पाहिजे. हळव्या जी५ चे मुख्य घर असलेले जनावर आता गावातच म्हातारे होऊन मरते. पूर्वी ते गिधाडांनी संपवले असते. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली तोवर उशीर झाला होता. ओढ्याकाठी टाकलेल्या मेलेल्या बैलाची फुप्फुसे आता कुत्री खातात. म्हणजे जी५ चे चक्र अधिक मोकळेपणाने फिरण्याची परिस्थिती तयार झाली आहे आणि ते पाहण्याची आपली खिडकी त्याच वेळी बंद झाली आहे.

ही खिडकी पुन्हा उघडण्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. विम्याच्या दाव्यासाठी मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन पशुवैद्यक आजही करतो. त्या अहवालात यकृत व फुप्फुसांतील गाठींची एक ओळ सक्तीची करावी आणि गाठ आढळली तर नमुना घ्यावा. गावपातळीवर म्हशीच्या कत्तलीची जागा कार्यकर्त्याला ठाऊक असते. महिन्यातून एकदा तेथे जाऊन मांस कापणाऱ्याशी बोलणे हे पत्रके वाटण्यापेक्षा उपयोगी पडेल असे मला वाटते. त्याला दोष देऊन काही साधत नाही. खड्ड्याची आणि चुन्याची सोय ग्रामपंचायतीने करून दिली, तर तो गाठ कुत्र्यापुढे का टाकेल?

नमुना घेण्याची रीत साधी आहे. हातमोजे घालून गाठीच्या आतल्या पांढऱ्या पापुद्र्याचा नखाएवढा तुकडा काढावा आणि झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत सत्तर टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावा. फॉर्मॅलिन वापरू नये. त्यात ऊतीचा आकार टिकतो, पण जनुकीय द्रव्य बिघडते आणि नमुना क्रमवाचनासाठी निकामी होतो. बाटलीवर पेन्सिलने चार गोष्टी लिहाव्यात: जनावराची जात, अंदाजे वय, ते ज्या गावात वाढले ते गाव आणि गाठ कोणत्या अवयवात होती. विकत आणलेल्या म्हशीचे मूळ गाव शोधायला थोडा वेळ लागतो, पण तोच यातला सर्वांत मोलाचा तपशील आहे. बाजाराचे नाव लिहून भागवू नये. कुत्र्याची विष्ठा मात्र कार्यकर्त्याने गोळा करू नये. त्यातील अंडी माणसाला थेट बाधू शकतात आणि ती हाताळण्याआधी अतिशीत तापमानात निष्क्रिय करावी लागतात, ते काम प्रयोगशाळेचे.

बाटल्या परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर किंवा हेब्बाळ यांपैकी जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या परजीवीशास्त्र विभागाकडे पाठवण्याआधी तेथे एक फोन करावा आणि निकाल गावाला कोणत्या स्वरूपात कळवणार हेही तेव्हाच विचारून ठेवावे. ज्या शेतकऱ्याच्या म्हशीतून नमुना गेला, त्याला सहा महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर मिळाले तर पुढच्या वेळी तो स्वतः फोन करील. उत्तर आले नाही, तर पुढची गाठ पुन्हा कुत्र्यापुढेच पडेल.